घुबडांना दिलेले खिळे

आमच्या गावात माणसं दोनच प्रकारची. चर्चच्या उजव्या अंगाला जन्मलात तर खेकडा, डाव्या अंगाला जन्मलात तर घुबड. मधलं कुणी नाही. पाद्रीबाबा बाहेरगावचा, पण आल्यावर दोन महिन्यांत तोही घुबड झाला, कारण त्याच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई घुबड होती आणि त्याला जेवायचं होतं.

मी खेकडा. नाव मिग्दालिया. खेकडेआळीच्या घरात मी अक्षरं रंगवते आणि घुबडांना शिव्या देणारी गाणी रचते. घर म्हणजे कुणाचं राहतं घर नाही. साखर कारखान्याचे बैल बांधायचे तो लांबलचक गोठा. कारखाना बंद पाडला, बैल कुठे गेले ते विचारू नका, आणि रिकामा गोठा आम्ही घेतला. मागून मिळाला नाही. आत शिरलो आणि बाहेर निघालो नाही. शनिवारी तिथे पोरं चित्रं काढतात, मंगळवारी बायका शिवणकाम करतात, गुरुवारी ढोल वाजतात. उरलेल्या सगळ्या वेळात, वर्षभर, तयारी चालते ती नाताळच्या आदल्या रात्रीची.

त्या रात्री चौकात दोन्ही आळ्या आपापला देखावा उभा करतात. लाकूड, कागद, रंग आणि दिवे, उंचीला चर्चच्या घंटेशी भिडलेलं. दिवे लागतात, फटाके फुटतात, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. कोण जिंकलं हे ठरवायला पंच नाही. कधीच नव्हता. सकाळी खेकडे घुबडांची खोटी प्रेतयात्रा काढतात, घुबडं खेकड्यांची काढतात, आणि दोन्ही शवपेट्या कोपऱ्यावर एकमेकींना आडव्या येतात. दोघंही जिंकलेले, दोघंही मेलेले. राजधानीतली शिकलेली माणसं याला पोरखेळ म्हणतात. म्हणोत बापडी. त्यांना रांगेत उभं राहण्यापलीकडे वर्षभर दुसरं काही करायला मिळत नाही, त्याला आम्ही काय करणार?

आमचं वर्ष जानेवारीत खिळ्यांपासून सुरू होतं. देखावा उतरवला की एकेक खिळा उपटायचा आणि दगडावर ठेवून हातोडीने सरळ करायचा. सगळी आळी बसते. दातांची डॉक्टर बसते, पाववाला बसतो, कालपर्यंत एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा शेजारी बसतात. महिनाभर गोठ्यातून नुसतं टक टक टक. आमची मुख्य ओनेलिया. साठी उलटलेली, हाडं चिवट, जीभ त्याहून चिवट, नाकावर चष्मा, डोक्याला बारा महिने तोच रुमाल, धुऊन धुऊन उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा झालेला. तिचा एकच नियम.

"वाकडा खिळा टाकायचा नाही. नवा खिळा देशात नाहीये. असलाच तर तो कुठल्यातरी साहेबाच्या दारात ठोकलेला आहे."

मी पुष्कळ ठिकाणी कला बघितली आहे. गालिचे घातलेल्या दालनात, हातात पेला धरून कुजबुजणाऱ्या लोकांमध्ये बघितली आहे. ओनेलियाने सरळ केलेल्या खिळ्याइतकी देखणी वस्तू तिथे एकही नव्हती.

आता तिच्या नवऱ्याबद्दल. ओनेलियाचा नवरा क्रेसेन्सियो हा घुबडांचा मुख्य.

हसू नका. आमच्याकडे अशी लग्नं होतात, आणि टिकतात. फेब्रुवारीत दोन्ही आळ्या बंद दाराआड आपापला विषय ठरवतात. तेव्हापासून एका पलंगावर झोपणारी ती दोघं त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. विषय फोडणारा माणूस आमच्याकडे चोरापेक्षा वाईट. चोराला तुरुंग आहे, याला तोही नाही. याला नुसतं कुणी कॉफी विचारत नाही, मरेपर्यंत. डिसेंबरची पहिली तारीख उजाडली की क्रेसेन्सियो पिशवी उचलून बहिणीकडे राहायला जातो. शर्ट ओनेलियाच घड्या घालून भरते.

"जा मेल्या, जा हरायला."

"येतो गं. तुझ्या मयताला फुलं घेऊनच येतो."

आणि नाताळ सरला की परत येतो. पस्तीस वर्षं असंच.

ते वर्ष वाईट होतं. आमच्याकडे प्रत्येक वर्ष वाईट असतं, पण या वर्षाने लाज सोडली होती. वीज पाहुणीसारखी यायची, तीही तोंड दाखवून परत जायला. आम्ही दार उघडं टाकून उन्हाच्या पट्ट्यात काम करायचो आणि ऊन सरकलं की टेबल सरकवायचो. इस्पितळातून टाकून दिलेल्या क्ष-किरणांच्या फिल्म आणून त्यांचे छाप कापायचो. कुणाच्यातरी मोडक्या बरगड्यांमधून आम्ही चांदण्या काढल्या. सिमेंटच्या पिशव्यांचा कागद, युकाच्या कंदाची खळ. खळ शिजली की निम्मी पोरं ती खायलाच बघायची, आणि मी त्यांना ओरडले नाही.

त्यात माणसं जायला लागली. आमच्याकडे देश सोडून जाणारा सांगत नाही की चाललो. तो म्हणतो, "ज्वालामुखी बघायला चाललोय." निकाराग्वाला जायला परवाना लागत नाही आणि तिथे ज्वालामुखी आहेत, म्हणून. तिथून पुढे उत्तरेला पायी. त्या वर्षी घुबडांचे सुतार ज्वालामुखी बघायला गेले, वायरमन गेला, पडदे रंगवणारी दोघं भावंडं गेली. खेकड्यांचेही गेले, पण आमचं मनुष्यबळ दांडगं होतं. घुबडांकडे उरले म्हातारे, चार बायका आणि क्रेसेन्सियो.

सप्टेंबरात वादळ आलं. घुबडांचं घर म्हणजे जुनं सिनेमागृह. त्याचं छप्पर अख्खंच्या अख्खं आत बसलं. माणूस कुणी मेलं नाही. पण भिजलेलं लाकूड, विरघळलेला कागद आणि त्याखाली चिरडलेला, अर्धा उभारलेला देखावा. घुबडांनी त्याच्यावर ताडपत्री टाकली, खेकड्यांनी बघू नये म्हणून. छप्पर गेलं तरी लपवायचं होतं. या गोष्टीला मी टोपी काढून सलाम करते.

क्रेसेन्सियो मात्र घरी आला आणि डोलखुर्चीत बसला. बसला तो उठेना. मी गेले तेव्हा ओनेलिया कॉफी गाळत होती, निम्मी कॉफी, निम्मे भाजलेले वाटाणे.

"काय क्रेसेन्सियो, घुबडाला दिवसा दिसेनासं झालं का?" मी म्हटलं.

दुसऱ्या कुठल्याही वर्षी त्याने माझ्या आईपासून सुरुवात केली असती. आता नुसतं खुर्चीला हेलकावा दिला.

"या वर्षी आम्ही चौकात उतरत नाही, मिग्दालिया. झालं. मुलगी बोलावतेय तिकडे, स्पेनला. घर विकतो आणि जातो."

"कोण जातो?" ओनेलिया आतून म्हणाली.

"आपण."

"मी नाही."

"मग मी एकटा."

गाळणी आपटल्याचा आवाज आला. ओनेलिया बाहेर आली नाही. मी कॉफी न पिता निघाले, आणि आमच्याकडे हे किती मोठं पाऊल आहे ते आमच्याच माणसाला कळेल.

ऑक्टोबरात राजधानीहून सरकारचा संस्कृतीवाला साहेब आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. गोठ्यात शिरला आणि शेणाचा वास आल्यासारखं नाक मुरडलं. बैल जाऊन वीस वर्षं झालीत.

"कॉम्रेड ओनेलिया, परिस्थिती तुम्ही जाणताच. एक आळी अडचणीत आहे. विजेची टंचाई आहे. तेव्हा असं ठरलंय की यंदा दोन्ही आळ्यांनी मिळून एकच देखावा करायचा. विषयही सुचवलाय, 'मैत्री'. त्यातून एकोप्याचा किती सुंदर संदेश जाईल!"

कुणीतरी हातोडी खाली ठेवली.

"एकच?" ओनेलिया म्हणाली.

"एकच."

"आणि हरवायचं कुणाला?"

"कुणालाच नाही! तेच तर सौंदर्य आहे."

"साहेब, तुमचं लग्न झालंय?"

"हो. का?"

"काही नाही. बाईंची दया आली."

साहेब हसला नाही. डिसेंबरच्या मध्यावर पाहणी होईल, म्हणाला. दोन सांगाडे उभे दिसले तर दोन. एक दिसला तर एकोपा. आणि एकदा एकोपा झाला की दर वर्षी एकोपाच, हेही सांगून गेला. ही माणसं नेहमी हसऱ्या शब्दांनी गळा दाबतात. आम्हाला भांडू देत नाहीत, कारण भांडायला दोघं लागतात, आणि दोघं असले की तिथे निवड आली. निवड म्हटली की यांना पळता भुई थोडी होते.

संध्याकाळी ओनेलियाने सगळ्या खेकड्यांना गोठ्यात बोलावलं.

"घुबडांना हात द्यायचा," ती म्हणाली.

बार्बारो आमचा वायरमन. बैलासारखा माणूस, आवाज त्याहून मोठा. "घुबडांना? त्यापेक्षा मी माझ्या सासूचे पाय चेपीन!"

"चेप. सासूला बरं वाटेल. पण आधी ऐक. ते उतरले नाहीत तर आपण हरवणार कुणाला? एकटाच धावला आणि पहिला आला, त्याला गावात काय म्हणतात?"

"खुळा," दातांची डॉक्टर म्हणाली.

"तेच."

"अगं पण मदत करायची म्हणजे त्यांचा विषय कळणार!" बार्बारो ओरडला. "आणि विषय कळला तर मजा काय राहिली? मग तो साहेब म्हणतो तेच झालं की!"

मूर्खाने वर्मावर बोट ठेवलं होतं. त्याचं उत्तर ओनेलियाच्या घरी, डोलखुर्चीत बसलेलं होतं.

तिने त्या रात्री नवऱ्याला काय सांगितलं ते मला तिनेच दुसऱ्या दिवशी खळ ढवळताना सांगितलं. ती म्हणाली, "तुझं काम आम्ही करतो." तो म्हणाला, "तू बघशील." ती म्हणाली, "नाही बघणार." तो म्हणाला, "डोळे आहेत ना तुला?" ती म्हणाली, "मग आंधळं काम दे. तुकडे दे. काय आहे ते सांगू नकोस." आणि मग, ती म्हणाली, खुर्ची थांबली.

"थांबली म्हणजे?"

"थांबली. म्हातारा उठला आणि खडू शोधायला लागला."

ओनेलियाने ढवळणं थांबवलं नाही, पण खळ तळाला लागली होती आणि तिला वास येत नव्हता.

तर तसं सुरू झालं. नोव्हेंबरभर क्रेसेन्सियो सकाळी गोठ्याच्या अंगणात यायचा, आत पाय ठेवायचा नाही, कारण आत आमचा देखावा. अंगणातल्या फरशीवर खडूने एक तुकडा काढायचा. हा इतका लांब, इथे वाक, रंग लाल. असे सहा. मग आम्ही मापं घेतली की पायाने पुसून टाकायचा. पुढचा तुकडा पहिल्याशी जुळणारा कधीच नाही. एकदा लांबट वेटोळं, एकदा पांढरा गोळा, एकदा काठीसारखं काहीतरी आणि त्याला करवतीसारखे दात. आम्ही कापायचो, ठोकायचो, रंगवायचो आणि चादरीत गुंडाळून बैलगाडीत घालायचो. गाडी चर्चपर्यंत आमचा माणूस हाकायचा, चर्चपासून पुढे त्यांचा. सीमा ओलांडायची नाही म्हणजे नाही.

दोन देखाव्यांचं काम एक आळी करत होती. हाताला फोड, डोळ्यांत रंग, पोटात मलांगाचे उकडलेले कंद. दातांची डॉक्टर दवाखाना सुटला की थेट यायची. पाववाला पहाटेच्या भट्टीतून येऊन उभ्याउभ्या झोपायचा, हातात ब्रश. आणि कुणालाही माहीत नव्हतं की आपण काय बनवतोय. कलेबद्दल मोठमोठं बोलणाऱ्यांना मी सांगते, हे करून दाखवा. नाव नाही, चित्र नाही, कशासाठी ते ठाऊक नाही, आणि शत्रूसाठी. तरी कड गुळगुळीत घासायची. आमच्या एकाही माणसाने कड खडबडीत सोडली नाही.

जाणून घ्यायची खाज मात्र भयंकर.

"मोर आहे," बार्बारो म्हणायचा. "पैज लावतो. वेटोळी म्हणजे पिसारा."

"मोर तुझा बाप. जहाज आहे. ती दातवाली वल्ही आहेत."

"दातवालं वल्हं कुठे बघितलंस?"

"तू मोराला दात कुठे बघितलेस?"

"अंदाज बांधायचे नाहीत," ओनेलिया दरडावायची. "जो अंदाज बांधेल त्याला मी घुबडांकडे दत्तक देईन."

तिच्या स्वतःच्या वाट्याला आलेला तुकडा सगळ्यात मोठा होता. तीन भाग, वळणदार, झगझगीत पिवळे, त्यांच्यावर पांढरे ठिपके. ठिपके एकसारखे हवेत, ते दुसऱ्या कुणाला जमणार नाहीत, असं क्रेसेन्सियो म्हणाला होता. ती चार दिवस गुडघ्यांवर बसून ठिपके काढत होती.

"हे काय असेल गं?" मी हळूच विचारलं.

"बिबळ्या असेल. उलटा. मला काय करायचंय? पण रंग चांगला निवडलाय मेल्याने. असा पिवळा हल्ली मिळत नाही. अंड्याच्या बलकात हळद कालवलीय त्याने, मला वास येतोय."

खिळे संपले. घुबडांचे सगळे खिळे छपराखाली गंजलेले. ओनेलियाने आमचे दिले, जानेवारीत सरळ केलेले, डबाभर. बार्बारोच्या डोळ्यांत पाणी आलं. "खिळेसुद्धा?" तो म्हणाला. मुलगी सासरी धाडताना बाप म्हणतो तसं.

डिसेंबरची पहिली उजाडली. क्रेसेन्सियोने पिशवी उचलली. या वर्षी तो बहिणीकडे जाणार की कायमचा जाणार हे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं, कारण स्पेनचं त्याने एकदाही मागे घेतलं नव्हतं. मी मुद्दाम तिथून चालले होते.

"जा मेल्या," ओनेलिया दारातून म्हणाली. "जा हरायला."

तो फाटकाशी थांबला. म्हणायचं ते म्हणाला नाही. नुसता हात वर केला आणि गेला. ती दारात कितीतरी वेळ उभी होती.

साहेब पाहणीला आला तेव्हा चौकात दोन सांगाडे उभे होते, दोन्ही पोत्यांनी झाकलेले. त्याने दोन्हींभोवती फेरी मारली, खिळे बघितले, लाकडाची कड बघितली. अगदीच आंधळा नव्हता.

"दोन्हींवर हात एकच दिसतो," तो म्हणाला. "म्हणजे तुम्ही यांना मदत केलीत! बघा, एकोपाच झाला की नाही?"

"साहेब," ओनेलिया म्हणाली, "मी तुमच्याशी नीट बोलतेय. शिव्या देऊ नका."

नाताळची आदली रात्र. डुकराच्या मांसाचा धूर चौकभर, कुठून आणलं ते विचारू नका. गावात वीज नव्हती, अर्थातच. पाववाल्याच्या नात्यातल्या एकाने ट्रॅक्टरवर चालणारं जनित्र आणलं होतं, पण त्याला एका वेळी एकच देखावा झेपायचा. खटका बार्बारोच्या हातात, कारण घुबडांचा वायरमन ज्वालामुखीपाशी होता. "शत्रूचा हात आमच्या खटक्यावर!" घुबडांच्या म्हाताऱ्या कुरकुरल्या. इलाज नव्हता.

आधी आमचा लागला. समुद्रतळाचा महाल, मोडक्या बरगड्यांतून कापलेल्या चांदण्या पाण्यासारख्या हलणाऱ्या. चौक हादरला. आमची माणसं रडली. मी रचलेली शिवी हजार गळ्यांनी एका सुरात घुबडांना घातली, आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

मग अंधार. बार्बारोने खटका दुसरीकडे ओढला.

पहिल्यांदा खालून लाल वेटोळी पेटली. जाळ. मग काळं, प्रचंड पातेलं. पातेल्यात तरंगणारे पांढरे गोळे म्हणजे लसणाच्या पाकळ्या. पातेल्याच्या कडेवर आले ते दातवाले दांडे, बुडणाऱ्या खेकड्यांच्या नांग्या, चार, सहा, आठ. आणि शेवटी मधोमध वर उठला एक लालभडक खेकडा, उकळत्या रश्श्यात उभा, नाकावर चष्मा, तोंड उघडं, ओरडणारा. आणि त्याच्या डोक्याला रुमाल. झगझगीत पिवळा. पांढऱ्या ठिपक्यांचा.

घुबडांनी एकच जल्लोष केला. मूठभरच उरली होती, पण चर्चची घंटा हलली असेल.

आम्ही आमचंच पातेलं ठोकलं होतं. आमचाच लसूण सोलला होता. आम्हाला उकळायचा जाळ आम्हीच घासून गुळगुळीत केला होता, आमच्याच खिळ्यांनी!

बार्बारोचा हात खटक्यावर होता. एक झटका आणि सगळं काळोखात गेलं असतं. त्याचा चेहरा खेकड्यापेक्षा लाल झाला होता. "हरामखोर," तो म्हणाला. "हरामखोर, हरामखोर, काय नांग्या आल्यात बघ! त्या डावीकडच्या दोन माझ्या आहेत!" आणि त्याने दुसरा हातही पहिल्यावर दाबून धरला, कुणाचा धक्का लागून खटका सुटू नये म्हणून.

मी ओनेलियाकडे बघितलं. ती वर बघत होती. तिचा हात हळूहळू डोक्याकडे गेला, त्या बटाट्याच्या रंगाच्या फडक्याला लागला.

"हा असा होता," ती म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही. "नवा होता तेव्हा. मी विसरलेच होते. असाच होता."

मग तिने दोन्ही हात तोंडाशी नेले आणि चौकाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याला अशी शिवी हासडली की ती मी आजतागायत कुठल्या गाण्यात बसवू शकलेले नाही.

सकाळी दोन प्रेतयात्रा निघाल्या. पेट्या कोपऱ्यावर आडव्या आल्या. साहेब राजधानीला परत गेला आणि त्याने एकोप्याचा अहवाल लिहिला असेल, लिहो.

नाताळ सरल्यावर मी ओनेलियाकडे बसले होते. फाटक वाजलं. क्रेसेन्सियो, खांद्याला पिशवी. ओनेलियाने दार फटीएवढं उघडलं.

"कोण जिंकलं?" तिने विचारलं.

"घुबडं."

दार बंद.

मी खिडकीतून बघितलं. तो पायरीवर बसला. पिशवीतून वाकड्या खिळ्यांचा डबा काढला, आमचा, आणि अंगणातला एक चपटा दगड ओढून घेतला. मग हातोडी. पहिला खिळा दगडावर ठेवला.

"स्पेनचं काय विचार की त्याला," मी म्हटलं.

"गप," ओनेलिया म्हणाली. "ऐक."

टक. टक. टक.

तिने चुलीवर कॉफी चढवली. दोघांपुरती नाही, तिघांपुरती. पण दार उघडायची तिला मुळीच घाई नव्हती. डबा भरलेला होता, आणि विषय ठरवायचा फेब्रुवारी अजून लांब होता.